उघड्या दाराचे सर

समोरच्या सरांचं दार सकाळी दूध आलं की उघडायचं, ते रात्री जेवणं आटोपल्यावरच बंद व्हायचं. वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला वरवंटा लावलेला. सरांच्या बायको वारल्यापासून त्या वरवंट्याला दुसरं काम उरलं नव्हतं. दिंडोशीच्या आमच्या इमारतीत त्यांना सगळे 'उघडे सर' म्हणत. नव्या भाडेकरूंना ते आडनावच वाटे आणि सरही कोणाला दुरुस्त करत नसत.

मी जात्याच भित्री. बेल वाजली की आधी भिंगातून बघणार, मग साखळी लावून विचारणार, आणि तरी छाती धडधडणार. सर मात्र उघड्या दाराकडे पाठ करून वाचत बसायचे. ती पाठ बघूनच माझा जीव वरखाली व्हायचा. शेजारच्या कॉलनीत कुरिअरवाले म्हणून आलेल्यांनी एका एकट्या बाईंना बांधून ठेवलं, तेव्हा आमच्या मजल्यावर भराभर लोखंडी जाळ्या बसल्या. मी म्हटलं, "सर, आता तरी लावा हो. कोणी आत शिरलं तर?"

"शिरलं तर तू बघशील ना," ते मान न वळवता म्हणाले. "दाराला लटकवलेली दुधाची पिशवी कोणी नेत नाही, त्याच्यावर जग चाललंय गं. कड्यांवर नाही."

कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते. दारातून कोणी 'मी' म्हणालं की ते विचारायचे, "मी म्हणजे कोण?" नुसत्या नावाने भागायचं नाही. "नाव कोणीही सांगेल. कोणाची कोण, ते सांग." मग म्हणायचं, "मी समोरच्या लताची मुलगी, काल तुम्हाला घावणे आणून दिले ती." तेव्हा कुठे 'ये' मिळायचं. "माणूस एकट्याने माणूस होत नाही," ते म्हणायचे. "दुसऱ्या कोणीतरी 'हो, याला ओळखतो' म्हणावं लागतं." मला तेव्हा ही रिकामटेकड्याची करमणूक वाटे.

गेल्या वर्षी एका सकाळी उन्हं वर आली तरी ते दार बंद होतं आणि दुधाची पिशवी कडीला तशीच लटकत होती. मी दार वाजवलं, हाका मारल्या. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "जा इथून. मला बोलायची परवानगी नाही."

पॅसेजकडच्या खिडकीचा पडदा जरासा सरकला होता. आत सर गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट घालून, दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले होते. समोर वरवंट्याला टेकवलेला मोबाईल, आणि त्यात गणवेशातला एक माणूस. "खोलीतून हलायचं नाही. कोणाशी बोललात तर मुलालाही उचलू," तो सांगत होता. पोलीस असल्याचं भासवून फोनवरून असली फसवणूक होते हे मी वाचलं होतं. तरी तो गणवेश बघून वाटलं, खरंच असलं तर?

मी आईला बोलावलं. ती पिठाच्या हातानेच आली आणि खिडकीचे गज धरून म्हणाली, "मास्तरांनू, मी लता. मी तुमका ओळखतंय. तो फोनवालो तुमका खय ओळखता?"

मजल्यावरची माणसं गोळा झाली. जो तो आपण कोणाचा कोण ते सांगू लागला. सर एकदा खिडकीकडे, एकदा मोबाईलकडे बघत होते. मोबाईलमधला माणूस ओरडला, तसे ते दचकले, उठले आणि त्यांनी कडी काढली. फोन तिकडून बंद झाला.

काही गेलं नाही, वाचलात, असं म्हणून लोक चहा पिऊन पांगले. मी मागे राहिले. सर हळूच म्हणाले, "त्याला माझं सगळं माहीत होतं गं. आधारचा नंबर, मुलाचं नाव. तो मला गुन्हेगार म्हणाला आणि घटकाभर मलाही वाटलं, असेन मी." मग थांबून म्हणाले, "आणि तू दार वाजवलंस ना, तेव्हा मला तुझी भीती वाटली."

त्या दिवसापासून सरांचं दार बंद झालं. जाळी आली, वर आणखी एक कडी आली. मी चहा घेऊन गेले की आतून "कोण?" यायचं. मी सगळं साग्रसंगीत सांगायची, तरी कडी निघायला वेळ लागायचा. सर आतल्या आत विरत चालले होते आणि मला काही करता येत नव्हतं. वरवंटा त्यांनी आईला देऊन टाकला होता. आईने तो आमच्या दाराला लावला. म्हणाली, "दार उघडा ठेव. त्येंका आमचो आवाज जावंदे." जिन्यावर पाऊल वाजलं की माझं काळीज अजून हलतं, पण दार उघडंच ठेवते.

दिवाळीनंतर मुलगा त्यांना नाशिकला न्यायला आला. निघताना सर आमच्या उंबऱ्याशी थांबले.

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना, सर."

ते कष्टाने वाकले, वरवंटा उचलून आत ठेवला आणि जाताना आमचं दार अलगद ओढून घेतलं. त्यांची पावलं जिन्यावरून पार खाली जाईपर्यंत मी आत उभी राहिले. मग दार उघडलं आणि वरवंटा परत लावला.