दर्शनाच्या दाराची कडी

वरंधच्या वरच्या वाडीत दिवसाढवळ्या आतून कडी लावणारं घर एकच, दर्शनाचं. चोराची भीती नव्हती. चोरण्यासारखं आमच्याकडे आहेच काय? तिची सहा वर्षांची सेजल स्वमग्न. बोलत नाही, आणि दार उघडं दिसलं की सुसाट घाटरस्त्याकडे. एकदा ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचली. मग तिच्या बापानं, सुनीलनं, कडी पार वर बसवली आणि तो मुंबईला कामावर निघून गेला. वाडी म्हणायची, पोर कोंडलीय. तिच्यासोबत आईही कोंडलीय, हे कोण बोलणार?

महाडहून विशेष शिक्षिका राजश्रीताई दर आठवड्याला यायच्या. सेजलला चित्रांची कार्डं हातात द्यायला शिकवायच्या. पाण्याचं दिलं की लगेच पाणी, भाकरीचं दिलं की भाकरी. दाराचंही एक कार्ड त्यांनी भिंतीला लावलं; ते दिलं की दार उघडून तिला हात धरून बाहेर न्यायचं. "मागितलं की मिळतं, हे कळलं की पळणं कमी होईल. पण तिनं मागितलं आणि आपण दिलं नाही, तर ती मागणंच सोडेल हं."

दर्शनाचा जीव त्या दाराच्या कार्डात अडकला. सेजलनं ते दिलं की आपण सुटलो, असं ती मला, शेजारणीला, सांगायची. सेजल मात्र त्याला हातसुद्धा लावत नव्हती.

शिमग्याला गावदेवीची पालखी आली. पालखी अंगणात नाचताना दार सताड उघडं आणि सून ओवाळायला उंबऱ्यात, ही आमची रीत. सुनील रजेवर आला होता. त्यानं घरात सेजलला घट्ट धरलं होतं. ढोल-सनईचा खालूबाजा दणाणला तशी ती किंचाळली, बापाला चावली आणि निसटली. पण पोर बाहेर धावलीच नाही. भिंतीवरचं दाराचं कार्ड ओढून तिनं आईच्या हातात कोंबलं आणि उघडं दार लावायला ढकलू लागली.

"दर्शने, देव दारात हाय! लावू नको गो!" सासू ठमाबाई अंगणातून ओरडल्या.

"तिनं मागितलंय, आत्याबाई."

देवीच्या तोंडावर दार लागलं. असलं आक्रीत वाडीनं पाहिलं नव्हतं. ठमाबाई कपाळ बडवत पालखीची माफी मागत राहिल्या.

पालखी पुढे गेल्यावर मी खिडकीतून डोकावले. सेजल आईच्या मांडीवर शांत पडली होती. दर्शना डोळे पुसत म्हणाली, "पोरीनं दार मागितलं गो. मी किती वाट बघत व्हते! मागितलं, ते बी बंद. आन् कडी मीच घातली."