सुईचा कोन

सोलापुरात मी जिथं सीटी स्कॅनचं मशीन चालवतो, तिथले एक डॉक्टर फार कमी बोलतात. फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा काढताना ते निर्जंतुक पिशवीतला मोबाइल सुईशेजारी धरतात. सुई किती कलली ते त्यावर दिसतं. काम झालं की कुणाचा फोन आला होता का बघतात, बहुतेक आलेला नसतो, आणि मोबाइल खिशात टाकतात.

स्कॅन घेताना किरणांपासून वाचायला आम्ही सगळे काचेमागं जातो. परवा मोडनिंबची एक म्हातारी सुई आत असतानाच हलायला लागली.

"मला एकटीला टाकून जाऊ नगा की!"

डॉक्टरांनी शिशाचा एप्रन चढवला आणि ते तिचा हात धरून आतच थांबले.

"लेकरा, तुला घरी कोण हाय?" तिनं विचारलं.

"श्वास धरून ठेवा, मावशी," डॉक्टर म्हणाले.

मी बटण दाबलं. स्कॅन संपल्यावरही त्यांनी तिचा हात धरूनच ठेवला होता.