पाच लिटरच्या आत

राद्कोने पस्तीस वर्षं रोडोपीच्या डोंगरात गाडी चालवली, आणि एकसष्टाव्या वर्षी त्याला गाडी शिकवायला आली ती त्याच्या मुलीच्या वयाची स्नेझाना. नगरपालिकेने रुग्णांना ने-आण करायला हायब्रिड गाडी घेतली होती. जुन्या डिझेल गाडीच्या नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं ओळखणारा हा माणूस नव्या गाडीत पाहुण्यासारखा अंग चोरून बसायचा. ती सुरू झाली की नाही, हेच त्याला कळत नव्हतं.

त्याच्या गाडीतून फिदान्का मावशी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची. सगळ्यात वरच्या सेलिश्ते गावात तिला धरून नऊ माणसं उरली होती. नगरपालिकेच्या कचेरीने कळवलं होतं, जानेवारीची सरासरी शंभर किलोमीटरला पाच लिटरच्या आत आली तर गाडी सेलिश्तेपर्यंत जाईल, नाहीतर खालच्या पुलापर्यंतच. बर्फातून पुलापर्यंत सात किलोमीटर उतरणं मावशीच्या आवाक्यातलं नव्हतं. मग शहरातला वृद्धाश्रम.

"तिथे खिडकीतून समोरची भिंत दिसते. बघून आलेय मी," ती म्हणाली होती.

पहिल्याच दिवशी उतार लागला आणि राद्कोने सवयीने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. टंचाईच्या वर्षांत दोन-दोन दिवस पेट्रोलच्या रांगेत काढलेली ही सगळी पिढी डोंगर असाच उतरायची. त्यात राद्को तर नावाजलेला.

"काका, अहो काय करताय!" स्नेझाना ओरडली. "न्यूट्रलमध्ये बॅटरी भरत नाही हिची. अख्खा उतार वाया घालवलात."

"अगं, थेंबभर तरी जाळला का मी?"

"गिअरमध्येच राहू द्या. ब्रेक लांबूनच हळू दाबत या. मग उतारच बॅटरी भरतो."

"पोरी, याच्या बायकोचा जन्म गेला याला शिकवण्यात," मागून मावशी म्हणाली. "देव तिला शांती देवो. तू कशाला घसा कोरडा करतेस?"

"आणि हीटर जपून वापरा," स्नेझाना म्हणाली. "बॅटरी भरलेली असली तरी गरम हवेसाठी इंजिन चालू राहतं."

"हीटर कमी होणार नाही," राद्को तोडून म्हणाला. "सुईवरून उठली की हुडहुडी भरते हिला."

स्नेझानाने खांदे उडवले. मावशीने मात्र ते नीट ऐकलं.

पुढच्या फेरीपासून मावशी पुढे बसायला लागली. उतारावर राद्कोचा हात गिअरच्या दांड्याकडे वळला की ती त्यावर चापट मारायची. "हात!" समोरच्या पडद्यावरचा सरासरीचा आकडा सहावरून पाच पूर्णांक चारवर आला आणि तिथेच अडून बसला. महिना अर्धा सरला.

एके दिवशी परतताना तिने हात लांब करून हीटर बंद केला.

"उकडतंय मला."

"बाहेर उणे आठ आहे, मावशी."

"माझं सगळं रक्त यंत्रातून गरम होऊन येतं. तुला काय कळतंय त्यातलं?"

राद्को हसला. त्याने तेव्हाच हीटर परत लावायला हवा होता. त्याचा हात उठला नाही, कारण नजर आकड्यावर होती. त्या दिवसापासून हीटर बंदच राहिला आणि आकडा उतरू लागला. हॉटेलात बसून तो सांगायचा, "माझा पाय हलका झालाय." हळूहळू ते त्याला स्वतःलाही खरं वाटायला लागलं. मावशी नाकापर्यंत घोंगडी ओढून बसायची. बोलणं कमी झालं होतं तिचं. थकली असेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

एकोणतीस तारखेला ती दारात उभी नव्हती. राद्को आत गेला तर ती अंथरुणात, छाती घरघरत होती. त्याने तिला घोंगडीसकट उचललं, हीटर पूर्ण लावला आणि मिळेल त्या वेगाने इस्पितळ गाठलं. न्यूमोनिया, डॉक्टर म्हणाले.

एकतीसला स्नेझाना कागद नाचवत आली. "काका, जिंकलात! चार पूर्णांक आठ!"

तो कागद घडी करून खिशात घालून राद्को मावशीकडे गेला. ती ऑक्सिजनवर होती. त्याला पाहून तिने मास्क बाजूला केला.

"किती आला?"

"चार पूर्णांक आठ."

"आणि गाव?"

"राहिलं. गाडी तुझ्या दारापर्यंत येणार."

तिने डोळे मिटले. खूश झाली होती. त्याला मात्र तिच्याकडे बघवेना.

"मग आता परत जाताना," ती म्हणाली, "थोडा हीटर लाव हं."

"लावतो, मावशी."

चार दिवसांनी मावशी सेलिश्तेला परत गेली, पण राद्कोच्या गाडीतून नाही. तो शववाहिनीच्या मागून रिकाम्या गाडीत गेला. हीटर पूर्ण लावलेला होता, शेजारच्या सीटवर घोंगडी होती, आणि इंजिन वरपर्यंत एकदाही बंद झालं नाही.