कापूस भरलेलं घर

मी सरपंच होते तेव्हा तालुक्याला आम्हा सरपंचांचं आपत्तीचं प्रशिक्षण झालं. भूकंप आला तर टेबलाखाली बसा म्हणे. अहो, आमच्या गावात टेबल होतं ते एकच, ग्रामपंचायतीत! घराघरात छतापर्यंत भरलेल्या कापसाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. बीटी बियाणं आल्यापासून कापूस रग्गड व्हायचा, अन् भाव पडला की उन्हाळ्यापर्यंत घरातच राहायचा. माणसं अंग खाजवत त्याच्यावरच झोपायची.

शेजारच्या मावशीकडेही तसंच. पुढच्या खोलीत कापूस, त्यातून एक माणूस जाईल एवढी वाट, अन् मागच्या खोलीत गुडघे धरल्यानं जागेवर बसलेली मावशी. मागे दार नव्हतं. एका दुपारी विजेच्या बोर्डाची वायर जळाली अन् त्या वाटेवरचाच कापूस पेटला.

मी आगीच्या गाडीसाठी फोन लावला. "निघाली बाई गाडी," तिकडून उत्तर आलं. ती येणार पार पिंपळगाव राजा या गावाच्याही पलीकडून. लोकांनी टँकरचं साठवलेलं पाणी ड्रमातून बादल्यांनी आणलं. पहिल्या बादल्या पडल्या, आग जरा दबली, धूर उसळला. तेवढ्यात आतून मावशी ओरडली.

"पानी नका टाकू रे! कापूस पिवळा पडन! कोन घेईन मंग?"

तिला धूर दिसत होता, आग दिसत नव्हती. अन् काय सांगू, सगळ्यांचे हात थांबले. भिजलेल्या कापसाला व्यापारी हात लावत नाही, हे आमच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यात घरातल्या मोठ्या बाईचा शब्द! तिच्या मुलानं बादली ठेवली अन् हातांनीच कापूस बाहेर ओढायला लागला. आतला कापूस मोकळा झाला, वारा लागला अन् भडका उडाला.

"चुलीत गेला तुमचा कापूस! पाणी टाका!" मी घसा फुटेस्तोवर ओरडले. "मावशी, तोंडाले ओला पदर लाव!" सरपंच म्हणे मी! कोण ऐकतं? शेवटी बादल्या सुरू झाल्या, पण तोवर दारात उभं राहवेना. आतला आवाज बंद झाला. मी नुसती रडत होते, दुसरं काही हातात नव्हतं.

गाडी आली. आग विझवून त्यांनी मावशीला ओट्यावर आणून निजवलं. अंगावर भाजल्याची खूणही नव्हती. धुरानंच गेली.

गाडीवरचा एक जण दारोदारचे ड्रम बघून चिडला. "एवढं पानी होतं, मारलं काऊन नाही?"

 मुलगा भाजलेले हात तसेच धरून आईच्या पायाशी बसला होता.

"माय नका टाकू म्हने ना," तो म्हणाला.