सायमनच्या वाटणीचा मसाला

नव्वदच्या आसपास आमची पलटण ईशान्येच्या पहाडात होती. मी सिग्नलचा हवालदार, घर ठाण्याच्या खाडीकाठी. नाईक सायमन माझ्याच गावठाणातला, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सुट्टीहून येताना त्याच्या ट्रंकेत बॉटल मसाला असायचाच. त्याची आई मार्थामावशी दर मे महिन्यात मसाला कांडून बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरायची. सायमन तो लंगरच्या, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातल्या, डाळीत घालायचा. आमचे पंजाबी सुभेदार साहेब आधी नाक मुरडत, पुढे स्वतःच विचारू लागले, "आज सायमन की दाल है क्या?" त्या डाळीच्या आठवणीने अजून तोंडाला पाणी सुटतं.

पावसाळ्यात आमच्या पेट्रोल पार्टीला, म्हणजे गस्तीच्या तुकडीला, नाला ओलांडायचा होता. पाणी छातीपर्यंत. सायमन पट्टीचा पोहणारा, म्हणून दोर घेऊन तो पुढे. त्याने पलीकडे दोर बांधला, आम्ही एकेक करून पार झालो. शेवटच्या जवानाचा पाय सुटला. सायमन पुन्हा पाण्यात उतरला, त्याला माझ्याकडे ढकललं आणि तेवढ्यात वाहत आलेला ओंडका सायमनवर आदळला.

मी वायरलेस सेट उचलला. "एक जवान वाहून गेला. ओव्हर."

"नाव?"

"नाईक सायमन. ओव्हर."

"सर्च चालू ठेवा. आऊट."

सर्च पुष्कळ झाला. बॉडी मिळाली नाही. घरी कळवलं गेलं, मिसिंग. पुढे फौजेने त्याला मृत घोषित केलं, पण मावशी त्या पहिल्या शब्दालाच चिकटून बसली. दर मे महिन्यात सायमनच्या वाटणीची बाटली भरायची, फळीवर ठेवायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही.

काही वर्षांनी सायमनच्या बायकोला, लुसीला, डोंबिवलीच्या एका फिटरचं स्थळ आलं. माणूस भला होता. लुसी सासूच्या होकाराशिवाय हलणार नव्हती आणि सासू विषयच काढू देत नव्हती. पोरीचं आयुष्य त्या फळीवर अडकलं होतं.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी मी सुट्टीवर होतो. ज्यांची कबर दूर आहे किंवा नाहीच, त्यांच्यासाठी आमच्याकडे सिमेट्रीतल्या मोठ्या क्रुसाखाली मेणबत्ती लावतात. मावशी तिकडे कधी फिरकत नसे. ती नवऱ्याच्या कबरीपाशी उभी होती. मला पाहून तिने हाक मारली.

"तू होतास ना तिथं? मला खरं सांग. तो वर आला?"

"नाय मावशी. मी बघत होतो. नाय आला."

ती कबरीवरची एक मेणबत्ती उचलून क्रुसाकडे गेली. वारा होता, मी हाताचा आडोसा धरला.

"मीच धरून ठेवलेला त्याला," ती म्हणाली. "देवाच्या हातात द्यायचा राहिलेला."

लुसी मागेच रडत उभी होती. मावशीने तिला जवळ घेतलं आणि त्या फिटरला रविवारी जेवायला बोलव म्हणाली.

मी निघालो तेव्हा फळीवरच्या सगळ्या बाटल्या तिने माझ्या ट्रंकेत भरल्या. "खाऊन टाका," म्हणाली. "ठेवून देऊ नका."

युनिटमध्ये पोचलो त्याच दिवशी मी एक बाटली लंगरात दिली. सुभेदार साहेबांची रिटायरमेंट जवळ आली होती. त्यांनी पहिला घास घेतला आणि ताट हातात घेऊन उभे राहिले. नव्या जवानांना काही कळेना.

"सायमन की दाल है," साहेब म्हणाले. मग सायमन कोण होता, हे त्यांनीच पोरांना सांगितलं.