तंद्रीनाथांचं लाल खोकं

आमच्या शेजारच्या तंद्रीनाथांचं खरं नाव काय, हे त्यांच्या बायकोला ठाऊक असावं. गल्लीत कुणी विचारल्याचं आठवत नाही. त्यांचं सिनेमे भाड्याने द्यायचं दुकान आहे. म्हणजे दुकान वहिनी चालवतात आणि हे मागच्या खोलीत बसून सिनेमे पाहतात. नियमच आहे त्यांचा. स्वतः पूर्ण न पाहिलेली तबकडी फळीवर ठेवायची नाही. मऊ फडक्याने पुसायची, यंत्रात सरकवायची, दाराचा पडदा ओढायचा, की गृहस्थ गेले. हाक मारली तर "हं" एवढंच येतं, तेही दुसऱ्या गावाहून आल्यासारखं. बाहेर आले की तबकडीच्या डबीत एक चिठ्ठी घालतात. तीत गोष्टीबद्दल अवाक्षर नसतं. "एकेचाळिसाव्या मिनिटाला नायिकेकडे बघू नका, मागच्या खिडकीचा पडदा हलतो तो बघा." त्या पडद्यावरून आमच्या घरी भांडण झालंय, कारण आमच्या ह्यांना तो शेवटपर्यंत दिसला नाही.

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्या खोलीसमोर उघडते. मध्ये हातभर बोळ. त्यामुळे भाजी चिरता चिरता मी आजवर कितीतरी सिनेमे अर्धे अर्धे पाहिलेत आणि त्या घरातलं बोलणं मात्र पूर्ण ऐकलंय. मी ऐकायला जात नाही. ते आपणहून येतं.

तर तंद्रीनाथांची एक ख्याती होती: ते ज्या यंत्राला हात लावतील ते बुडणार. कॅसेटी आल्या त्या दोन जातींच्या आल्या. एक लहान, सुबक चित्राची, आणि एक मोठी, धोंड्यासारखी. यांनी लहान घेतली. थोड्याच वर्षांत लहान कॅसेट औषधालाही मिळेना. मग जेवणाच्या ताटाएवढी चंदेरी तबकडी आली. तीही यांनी कडेवर मूल आणावं तशी घरी आणली, आणि गल्लीत तशी दुसरी कधी कुणी पाहिली नाही. पुढे डीव्हीडी आली तेव्हा पोळलेला माणूस शहाणपणाने म्हणाला, "ही काही टिकायची नाही." त्याच आठवड्यात गल्लीतल्या सात घरांनी डीव्हीडी आणली.

वहिनी हुशार. दुकानात गिऱ्हाइकाला लागेल तेच ठेवायच्या, म्हणून चूल पेटत राहिली. पण यांना वीस वर्षं लोक हसत आले. न्हावी तर गिऱ्हाइकाच्या गालाला वस्तरा लावून सांगायचा, "हलू नका, तंद्रीनाथांची गोष्ट सांगतोय." ते स्वतःही हसायचे. मग मागच्या खोलीत जाऊन बराच वेळ पडदा उघडायचे नाहीत.

आणि मग त्या दोन नव्या तबकड्या आल्या. दिसायला डीव्हीडीसारख्याच, पण चित्र इतकं लख्ख की माणसाच्या बाहीचा सुटलेला दोरा दिसावा. एक एचडी डीव्हीडी, तिची डबी लाल. दुसरी ब्लू-रे, तिची निळी. लालच्या यंत्रात निळी चालायची नाही, निळीच्या यंत्रात लाल. कंपन्या हमरीतुमरीवर आलेल्या, सिनेमेवाले थोडे इकडे, थोडे तिकडे. जगभर लोक डोकं खाजवत बसले होते. आमची गल्ली तेवढी निवांत. तंद्रीनाथ काय घेतात ते बघायचं आणि दुसरं आणायचं, एवढं सोपं होतं.

या निवांतपणात मेला कोण, तर वहिनींचा धाकटा भाऊ. चांगली बसून खायची नोकरी सोडून त्याने गल्लीच्या तोंडाशी टीव्ही आणि यंत्रांचं दुकान थाटलं होतं. एजन्सी मिळाली ती फक्त निळीची. लोक यायचे, काचेत तोंड घालून चित्र बघायचे, "वा" म्हणायचे आणि विचारायचे, "तुमच्या दाजींनी कुठलं घेतलं?" अजून नाही म्हटलं की, "मग येतो नंतर."

तंद्रीनाथांनी आठ दिवस दोन्ही यंत्रं पारखायला आणली, निळं मेहुण्याकडून आणि लाल एका ठोक व्यापाऱ्याकडून. दोन टीव्ही शेजारी शेजारी लावले. दोन्हीकडे एकच समुद्राचा सिनेमा, एकाच क्षणी सुरू केलेला. दुपारभर माझ्या ओट्यावर दोन समुद्र हलायचे. पितळी डब्यावर एक लाट, स्टीलच्या पिंपावर दुसरी. मी कणीक मळत उभी राहायची आणि हात थांबलेत हे कळायचंच नाही. एकदा दूध उतू गेलं. मला वाटलं, समुद्राचाच फेस.

आठव्या दिवशी दुपारी वहिनी चहा घेऊन आत गेल्या.

"कळलं," तंद्रीनाथ म्हणाले. या वेळी आवाज दुसऱ्या गावाहून नव्हता, इथलाच होता.

"काय कळलं?"

"दोघींत काही फरक नाही."

"यासाठी आठ दिवस?"

"अगं, ऐक तरी. आजवर मी चित्र बघत बसलो. ज्याचं चित्र सुंदर ते जिंकणार, असं वाटायचं मला. या वेळी चित्र सारखंच आहे, म्हणून पहिल्यांदा दुसरीकडे बघितलं. निळीत जागा जास्त आहे, जास्त मावतं. आणि पोरांच्या त्या खेळाच्या यंत्रात निळीच चालते. म्हणजे ती घराघरांत शिरून बसलीय, लोकांना पत्ताच नाही. निळी जिंकणार. मला इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं."

"मग घ्या की निळी."

"घेणारच. न्हाव्याच्या दुकानावरून नेणार. वीस वर्षं झाली गं. एकदा तरी माझं बरोबर आलेलं बघू दे लोकांना."

वहिनींनी बशी ठेवल्याचा आवाज फार हलका आला.

चहा संपायच्या आतच मेहुणा आला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"दाजी, एक मागायचंय. रागावू नका."

"बोल."

"तुम्ही लाल घ्या."

खोलीत दोन्ही समुद्र चालू होते.

"तुम्ही निळं घेतलंत तर सगळी गल्ली लाल आणायला बाजारात जाईल. महिनाभरात मला शटर ओढावं लागेल. नोकरी सोडताना साहेबांना नाही नाही ते बोललोय, तिथे आता पाय ठेवायची सोय नाही. तुम्ही लाल घेतलंत तर लोक माझ्याकडे येतील. तुम्हाला काय, दोन्ही सारखंच."

"अरे, पण त्यांना या वेळी..." वहिनींनी तोंड उघडलं.

"अगं, त्याला चहा आण," तंद्रीनाथ म्हणाले.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. "आणते. पण आधी याला सांगा."

"काय सांगायचं? तो म्हणतोय ते खरंच आहे. दोन्ही सारखंच." आणि मग, "हं."

हे "हं" मात्र पुन्हा लांबच्या गावाहून आलं होतं.

पुढचा शनिवार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सकाळचं कोवळं ऊन, गल्ली नुकती झाडलेली, आणि तंद्रीनाथ लाल यंत्राचं खोकं दोन्ही हातांवर घेऊन चाललेले. पिशवी नाही, कागद नाही, नाव बाहेरच्या बाजूला. इतके सावकाश, की झोपेत चालणारा माणूस पुढे जाईल. औषधवाल्याने चष्मा वर केला. न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून दारात आला.

"लाल का, तंद्रीनाथ?"

"लाल."

"पक्कं?"

"अगदी पारखून घेतलंय."

न्हावी तोंडावर हात ठेवून आत पळाला. संध्याकाळपर्यंत मेहुण्याच्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. आमचे हेही धावले. मी अडवलं नाही. निळं जिंकणार हे मला आतून कळलेलं होतं, आणि ते कुठून कळलं हे सांगायची माझी टाप नव्हती.

चार-पाच महिन्यांनी बातमी आली. लाल तबकडीच्या कंपनीने हात वर केले. गल्ली तंद्रीनाथांचं सांत्वन करायला लोटली. खरं तर हसायलाच.

"भाऊ, तुम्ही आहात म्हणून आमचं चांगलं चाललंय," न्हावी म्हणाला. "पुढचं काय घेणार ते आधीच सांगून ठेवा, उगाच खोळंबा नको."

तंद्रीनाथ सगळ्यांबरोबर हसले. मेहुणा कोपऱ्यात उभा राहून हसत होता, आपल्यासाठी त्यांनी काय सोडलं याची बिचाऱ्याला गंधवार्ता नव्हती. वहिनी गल्ल्यावर बसल्या होत्या. त्यांचा चेहरा असा तापला होता की आता बोलणार, असं मला वाटलं. तंद्रीनाथांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. वहिनी गप्प बसल्या. मीही बसले, आणि माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल याचा गल्लीने विचार करावा.

लोक पांगल्यावर मी बोळातून डोकावले.

"भावजी, मला माहितीये हो."

"काय?"

"तुम्ही निळंच म्हणाला होतात."

ते खिडकीजवळ आले. मग म्हणाले, "माझं बरोबर आलं, एवढं मला पुरतं. त्याला कळलं तर तो दर दिवशी दुकान उघडताना मला नमस्कार करेल. नको ते."

लाल सिनेमे आता कुणी मागणार नव्हतं. ठोक व्यापाऱ्याने उरलेल्या डब्यांची टोपली भरून फुकटात पाठवली, जागा तरी मोकळी होईल म्हणून. त्या फळीवर मांडायच्या नव्हत्या, कुणाला द्यायच्या नव्हत्या, तपासायच्याही नव्हत्या. तंद्रीनाथांनी पहिल्यांदाच नुसतं पाहण्यासाठी एक तबकडी पुसली.

तेवढ्यात वहिनींनी भर दुपारी दुकानाचं दार लोटलं. कधी घडलं नव्हतं असं. आत येऊन त्यांच्याशेजारी खुर्ची ओढली.

"गिऱ्हाईक आलं तर?"

"येईल उद्या. सरका जरा. तो समुद्रवाला लावा. आठ दिवस एकटेच बघत होतात."

पडद्यावर पाणी आलं. दोघांच्या डोक्यांच्या मधून मला त्याची एक पट्टी तेवढी दिसत होती. मग वहिनींचं डोकं हळूच कलंडलं, आणि ती पट्टीही मिटली. मी माझ्या खिडकीचं दार ओढून घेतलं.