विचार नको करू, गोल भर!

शुद्धलेखनाच्या चुका आधीच माफ करा. मी नववीतून शाळा सोडली, त्यामुळे भारी शब्द माझ्याजवळ नाहीत. मुकुटबनला सलीमभाईंच्या दुकानात शेतातल्या पंपाच्या मोटरी दुरुस्त करतो. दुकानाच्या कोपऱ्यात जळक्या मोटरी साचतात ना, तसे माझ्या डोक्यात गावंडे सरांच्या स्कॉलरशिप बॅचचे किस्से साचले आहेत. न्यायला कोणी येत नाही, आणि भंगारात टाकवतही नाहीत!

* * *

पाचवीत असताना सर शाळेच्या एक तास आधी आमची तयारी करून घ्यायचे. पहिले पंधरा दिवस एकच धडा. गोल भरणे! या परीक्षेत उत्तर लिहायचं नसतं, चारपैकी एक गोल काळ्या पेनाने भरायचा असतो. तपासणार मशीन. आम्ही घरून जुने पेपर आणायचो, त्यावर नाणं ठेवून गोल काढायचो आणि भरत बसायचो. शाई रेघेबाहेर गेली की सर मागून म्हणायचे, "गेला मार्क!"

एक दिवस केंद्रप्रमुख साहेब तपासणीला आले. सगळ्यांची बोटं काळी.

"काय शिकता रे बाळांनो?"

"गोल!"

"कोणत्या विषयाचे?"

"सगळ्याच!"

साहेबांनी शेरा लिहिला, 'तयारी उत्तम.'

* * *

बॅचमध्ये खरी हुशार होती पायल राठोड. तांड्यावरून चालत यायची. सर फळ्यावर गणित लिहून हात झटकेपर्यंत हिचं उत्तर तयार. सर म्हणायचे, "हे पोरगी शाळेचं नाव काढते, पाह्य तू!"

एकदा सरावाच्या पेपरात प्रश्न आला. वेगळा प्राणी कोणता? गाय, म्हैस, शेळी, वाघ.

आम्ही सगळे ओरडलो, "वाघ!"

पायल उभी राहिली. "म्हैस."

"काहून वं?"

"सर, रानात माणूस समोर आला तर गाय पळते, शेळी पळते, वाघ बी पळते. म्हैस तेवढी उभी राह्यते."

वर्गात एकही जण हसला नाही. घरी म्हशी असलेले दोघे तर मान हलवत होते. सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "बरोबर हाय तुयं. पण मशीनले म्हैस माहीत नाही. विचार नको करू, गोल भर!"

* * *

मी अभ्यासात बेताचाच. मला सरांनी वेगळी युक्ती सांगितली होती. "अडला तर तिसरा गोल भर अन् पुढं चाल."

परीक्षेत मी अडत गेलो आणि भरत गेलो. पायल मात्र एकेका प्रश्नावर थांबली. वेळ संपला तेव्हा तिचे शेवटचे पंधरा गोल कोरे होते.

निकाल लागला. मला स्कॉलरशिप! पायल चार मार्कांनी गेली.

झेंडावंदनाला माझा सत्कार झाला. सरपंचांनी माइक तोंडासमोर धरला. "बोल बाळा, या यशाचं श्रेय कोणाले?"

चार माणसांत बोलायचं म्हटलं की मला अजूनही घाम फुटतो. तोंडातून खरं तेच निघालं. "तिसऱ्या गोलाले!"

सगळं मैदान हसलं. पायलने टाळ्या वाजवल्या. सर तेवढे हसले नाहीत.

त्यानंतर पायलने वर्गात हात वर केला नाही. सर स्वतः विचारायचे, "पायल, तू सांग वं."

ती बसूनच म्हणायची, "गाइडात जे असंल तेच, सर."

* * *

शाळा सोडून मी सलीमभाईंकडे लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी एक मोटर पुढ्यात ठेवली. "बता, काहून जळली?"

मी वाट पाहिली. मग मी हळूच विचारलं, "पर्याय काय काय आहेत?"

सलीमभाईंनी पाना माझ्या हातात दिला. "एकच पर्याय है बेटा. खोल के देख!"

* * *

आता नोकरीतल्या मास्तरांनाही पात्रता परीक्षा लागली आहे. पास व्हा, नाहीतर घरी बसा! गावंडे सर पन्नाशीच्या पुढे, मुलगी अजून शिकते आहे. शाळेत सराव करायची लाज वाटते म्हणून ते आमच्या दुकानात येऊ लागले.

सलीमभाई म्हणाले, "क्या मास्तर, तुमची बी मोटर जळली का?"

"जळली नाही सलीमभाई. चेक करून राह्यले."

पहिलाच गोल भरताना सरांचं पेन सरकलं. शाई रेघेबाहेर. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "गेला मार्क!"

मी जीभ चावली. सर मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

गणित शिकवायला दर रविवारी पायल यायची. ती आता बीए करते आणि तांड्यावरच्या मुलांची शिकवणी घेते. सर एखाद्या प्रश्नावर अडून बसायचे. "हा प्रश्नच चुकीचा हाय पायल. याचे दोन उत्तरं होतेत."

"सर, विचार नका करू. गोल भरा."

सर गुमान गोल भरायचे. सरावाच्या पेपरात कधी एका मार्काने पास, कधी एका मार्काने नापास.

* * *

परीक्षा झाली. संध्याकाळी सर बसमधून उतरून थेट दुकानात आले. सलीमभाईंनी चहा सांगितला.

"कसा गेला पेपर, सर?"

"काठावर." थोडं थांबून म्हणाले, "तोच प्रश्न आलता रे."

"कोणता?"

"गाय, म्हैस, शेळी, वाघ."

मला एवढा आनंद झाला की हातातला पाना खाली पडला. एक मार्क तर पक्का! "मंग वाघच भरला ना, सर?"

सरांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली.

"म्हैस भरली," ते म्हणाले. "रेघेबाहेर नाही जाऊ देली शाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. सलीमभाईंची गाडी मागितली आणि तांड्यावर गेलो. पायलला हे फोनवर सांगायचं नव्हतं.